शाळेच्या कपाटातील पणजोबा

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाताना परभणी जिल्ह्यात शिरल्यावर देवगाव फाटा लागतो. इथून सेलूकडे जाणारा रस्ता फुटतो. देवगाव हे गाव जुने. फाटा मात्र डांबरी रस्ता आणि एस.टी. आल्यानंतरचा. चहाची हॉटेले, खतांची दुकाने, पंक्चर काढणारे, शाळा सुटल्यावर गाडीची वाट पाहणारी मुले अशी फाट्यावर असतात तशी सारी वस्ती इथे आहे. अशा जागी उभे राहून कोणालाही "तुमचे मूळ गाव कोणते?" असे विचारले, तर उत्तरात सहसा दुसऱ्याच गावाचे नाव येते. फाट्यावर जो तो कुठून तरी आलेला असतो.

या परिसरातील एका शाळेत आमचे एक शिक्षकमित्र आहेत. त्यांनी सांगितलेला प्रसंग या लेखाचे निमित्त आहे. एक गृहस्थ मुलीला घेऊन शाळेत आले. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जातपडताळणी करायची होती आणि त्यासाठी तिच्या आजोबांच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा होता. जुने दाखल-खारीज रजिस्टर कपाटाच्या तळाशी सापडले. त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. आजोबांची नोंद निघाली, पण तिच्यात आडनावच नव्हते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जन्मतारीख, एवढेच. हा मुलगा म्हणजे याच मुलीचे आजोबा, हे सिद्ध कसे करायचे? शेवटी दोन वर्षांनंतरच्या पानावर आजोबांच्या धाकट्या भावाची नोंद सापडली. वडिलांचे नाव तेच, गाव तेच, आणि या वेळी आडनावही होते. दुसऱ्या कोणा गुरुजींनी ते लिहून घेतले होते. दोन नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा घराण्याचा धागा जुळला.

एकाच घरातील दोन भावांपैकी एकाला आडनाव आहे आणि दुसऱ्याला नाही. मग आडनाव म्हणजे नेमके काय? ते रक्तातून येते की रजिस्टरातून?

आडनाव कोण ठेवतो?

आडनावावरून माणसाचे मूळ कळते, असा आपला सार्वत्रिक समज आहे. तो काही अंशी खरा आहे. परंतु मराठी आडनावे नीट पाहिली, तर त्यांतील बरीचशी घराण्याने स्वतः ठेवलेली नसून दुसऱ्यांनी दिलेली आहेत, असे दिसते.

'कर' हा प्रत्यय लागलेली आडनावे घेऊ. सेलूकर, जिंतूरकर, पाथरीकर, मानवतकर, चारठाणकर ही आपल्या भागातील ओळखीची नावे. सेलूत सगळेच सेलूचे. तिथे एखाद्याला सेलूकर म्हणण्याने त्याची वेगळी ओळख पटत नाही. तो परभणीला किंवा हैदराबादला जाऊन राहिला की नवे शेजारी त्याला सेलूकर म्हणू लागतात. म्हणजे असे आडनाव बहुधा गाव सोडल्याचा पुरावा असते. याला अपवाद वतनदारांचा. एखाद्या गावाचे किंवा परगण्याचे वतन ज्या घराण्याकडे असे, त्यालाही त्या गावाचे नाव चिकटत असे.

दुसरा मोठा गट हुद्द्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, महाजन, चौगुले ही कामांची नावे आहेत. प्रत्येक गावाला पाटील आणि कुलकर्णी असत. म्हणून महाराष्ट्रातील दोन पाटलांचा किंवा दोन कुलकर्ण्यांचा पूर्वज एक असण्याचे काही कारण नाही. ही आडनावे हजारो गावांत स्वतंत्रपणे जन्मली. उलट एकाच घराण्यातील वतन सांभाळणारी शाखा पाटील झाली आणि दुसरी जुन्याच आडनावाने राहिली, असेही झाले. आडनाव एक म्हणून कूळ एक नव्हे, आणि आडनाव निराळे म्हणून कूळ निराळे नव्हे.

तिसरा गट सुतार, लोहार, कुंभार, सोनार यांसारख्या व्यवसायांचा. चौथा टोपणनावांचा, रंग, सवय, एखादा प्राणी, एखादा प्रसंग, कशावरूनही पडलेली ही नावे. त्यांचा उगम सांगणाऱ्या कथा घरोघरी असतात. त्या ऐकाव्या, लिहून ठेवाव्या, पण पुराव्याशिवाय इतिहास म्हणून धरू नयेत.

आणि ज्यांना आडनावाची गरजच पडली नाही, असेही लोक होते. गंगाखेडच्या संत जनाबाईंनी आपली ओळख नामदेवांची दासी अशी करून दिली. त्यांचे आडनाव कोणी विचारत नाही. अलीकडच्या काळात परभणीत राहून लिहिणाऱ्या भगवान रघुनाथ कुलकर्णी यांनी आडनाव बाजूला ठेवले आणि ते बी. रघुनाथ म्हणून मराठी साहित्यात ओळखले गेले. साधा व्यवहार गावातल्या गावात असे तेव्हा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढे पुरत असे. आडनाव प्रत्येकाला सक्तीचे झाले ते सारा, न्यायालय, शाळा, नोकरी यांचे कागद वाढले तेव्हा. कारकुनाला रकाना भरायचा होता.

मराठवाड्याचे कागद

मग मराठवाड्यातील एखाद्या कुटुंबाने आपले पूर्वज कुठे शोधावेत? हा प्रश्न पूर्वी हौसेचा होता. आता तो हक्काचा झाला आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी ठरावीक तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा होत. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा तहसील कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत जुनी दप्तरे उघडली गेली. आरक्षणाच्या वादात शिरणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु त्या शोधाने एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आणून दिली. आपल्याकडे कोणकोणते कागद आहेत आणि ते वाचणारे किती थोडे आहेत, ती ही गोष्ट.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारची भाषा आधी फारसी आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू. गावच्या कुलकर्ण्याचे लिखाण मात्र मोडीत. एकाच घराण्याची माहिती त्यामुळे तीन लिप्यांत विखुरलेली असू शकते. इनाम जमीन असेल तर तिच्या चौकशीचा निकाल, ज्याला मुंतखब म्हणतात, तो वारसांची नावे सांगतो. जमिनीसाठी खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, हक्कनोंद आणि फेरफार आहेत. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये. त्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आहे. आणि शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखल-खारीज किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही, हाही यांतलाच एक मोठा पुरावा आहे.

हे कागद वाचताना लिपीचे गुणधर्म माहीत हवेत. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत आणि 'ळ' व 'ण' यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत. त्यामुळे 'काळे' हे 'काले' होते, 'चव्हाण' हे 'चव्हान' होते. नाव आधी माहीत असेल तरच ते बरोबर वाचता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. एका नावाचे शेवटचे अक्षर पुढच्या नावाला जोडून वाचले, तर नवाच माणूस तयार होतो! म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नये. दुसऱ्या कागदाचा दुजोरा शोधावा, हा इतिहास संशोधनाचा पहिला नियम इथेही लागू आहे.

आणखी एक व्यावहारिक अडचण जिल्ह्यांच्या हद्दींची. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला. घर तिथेच राहते, पण कचेरी बदलते. आजोबांच्या काळी गाव कोणत्या तालुक्यात होते, हे आधी ठरवले नाही तर माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

सरकारी कचेऱ्यांबाहेरही नोंदी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले आणि गाव लिहून घेतलेले असते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर फिरून वंशावळी वाचून दाखवत. काही घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. तंजावरला सरफोजीराजे दुसरे यांनी तर भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली मराठीत कोरून घेतला!

परंतु या यादीकडे जरा बारकाईने पाहा. जमिनीचा कागद जमीनवाल्याचा. मुंतखब इनामदाराचा. तीर्थाची वही, ज्याला तीर्थाला जाणे परवडले आणि ज्याला तिथे प्रवेश होता, त्याची. दगडावरचा लेख राजाचा. मग सालगडी म्हणून दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे काय? पालावर राहणाऱ्याचे काय? त्याच्या वाट्याला दोनच ठिकाणे उरतात. एक कोतवाल बुक आणि दुसरे, घरातला कोणी मुलगा चार दिवस का होईना शाळेत गेला असेल तर, शाळेचे रजिस्टर.

इथे जनगणनेची आठवण कोणी करून देईल. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ साली झाली आणि तिचे आकडे गॅझेटियरांत आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हे हैदराबाद गॅझेटियर सर्वांना ऐकून माहीत झाले. पण गॅझेटियरांतले ते आकडे आहेत. त्यांत कोणाच्या पणजोबांचे नाव नाही. जिल्ह्यात अमुक इतके लोक होते असे ते सांगतात. ते आपले होते हे सिद्ध करायला नावाची नोंदच लागते.

कागदच जळाले तर?

नावानिशी केलेल्या जनगणनेचे कागद जपले असते तर काय झाले असते आणि ते गमावले तर काय होते, हे पाहण्यासाठी आपण युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंडकडे जाऊ. वंशशोधाचे वेड त्या देशाला आणि तेथून जगभर गेलेल्या लोकांना फार आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो लोक मेले आणि लाखो लोक अमेरिकेसारख्या देशांत निघून गेले. त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधत परत येतात.

आयरिश आडनावांत 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. म्हणजे आपण मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावतो, तेच तिथे गोठून आडनाव झाले. इंग्रजी अमलात कारकुनांनी ही नावे आपल्या कानाला जशी लागली तशी लिहिली, काहींचे 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले, तर काहींची चक्क भाषांतरे झाली. लोहाराचा मुलगा या अर्थाचे मॅकगोवन हे आडनाव काही ठिकाणी स्मिथ झाले. आपल्या 'काळे'चे 'काले' व्हावे, त्याच जातीचा हा प्रकार.

आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली. पण १८६१ आणि १८७१ चे मूळ कागद आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. १८२१ ते १८५१ चे डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात होते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात त्या इमारतीत स्फोट झाला आणि आग लागली. जवळजवळ सगळे जळून गेले. १९०१ आणि १९११ चे कागद दुसरीकडे होते म्हणून पूर्ण वाचले.

परंतु या राखेतूनही काही नावे वाचली आणि ती वाचण्याचे कारण फार बोलके आहे. १९०९ च्या जानेवारीपासून तिथे सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. वयाचा पुरावा द्यायचा होता. जन्मांची सरकारी नोंदणी तर १८६४ पासूनची! मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत तेव्हाचे लहान मूल म्हणून आपले नाव शोधून द्यावे, असे अर्ज म्हाताऱ्यांनी केले. कारकुनांनी नोंदी शोधून त्या अर्जांवर उतरवून घेतल्या. पुढे मूळ कागद जळाले, पण हे अर्ज राहिले. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मूळ दस्तऐवजापेक्षा गोरगरिबांच्या नडीसाठी केलेली नक्कल जास्त टिकली. जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होताना, जगभर विखुरलेल्या अशा नकला गोळा करून जळालेला दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्याचे काम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने लोकांसमोर ठेवले.

आडनावांचे गणित

आता कागद बाजूला ठेवून थोडे गणित करू. आडनावे नाहीशी का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली 'एज्युकेशनल टाइम्स' या इंग्लंडमधील शिक्षणविषयक नियतकालिकात वाचकांना घातला होता. हेन्री वॉटसन या गणित जाणणाऱ्या पाद्र्याने तो सोडवण्याचा प्रयत्न केला आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज ही रीत आडनावांपासून अणुकेंद्रकांच्या साखळी प्रक्रियेपर्यंत अनेक ठिकाणी वापरतात.

वर्गात हे करून पाहता येईल. २७ काल्पनिक आडनावे फळ्यावर लिहा. प्रत्येक आडनावाचा एक पुरुष. त्याच्या नावाने फासा टाका. १ किंवा २ पडले तर मुलगा नाही. ३ किंवा ४ पडले तर एक मुलगा. ५ किंवा ६ पडले तर दोन. सरासरी एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या स्थिर. पहिल्या पिढीनंतर सरासरी ९ आडनावे संपतील. दुसऱ्या पिढीअखेर संपलेल्यांची संख्या १३ होईल, तिसऱ्या पिढीअखेर सुमारे १५. कोणाचाही दोष नाही, रोगराई नाही, दुष्काळ नाही. तरी पणतवंडांच्या काळापर्यंत निम्म्याहून अधिक आडनावे गेली. वर्गातल्या फाशांचे आकडे यापेक्षा थोडे मागेपुढे होतील. असे का होते, यावरही मुलांशी बोलता येईल.

यानंतर मुलांना विचारा, आडनाव संपले म्हणजे घराणे संपले का? फाशाच्या खेळात आपण मुली मोजल्याच नव्हत्या! त्यांची मुलेबाळे दुसऱ्या आडनावांखाली नांदतच आहेत.

आता उलट दिशेने मोजा. प्रत्येकाला आईवडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८. असे दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलो तर ती संख्या १०२४ होते. काही पूर्वज दोन बाजूंनी तेच असतात, म्हणून प्रत्यक्षात माणसे कमी भरतील. पण आडनाव या १०२४ जागांपैकी एकीचाच माग सांगते. पुरुषात बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र असते, तेही याच एका धाग्याने चालते. २००६ साली ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमध्ये सुमारे पाचांतल्या एका पुरुषात जवळच्या नात्यातले वाय गुणसूत्र आढळले आणि त्याचा संबंध एका जुन्या राजघराण्याशी जोडला गेला. पुढील अभ्यासांत ती खूण त्या राजाहूनही जुनी असावी असे दिसले. विज्ञानाची कसोटी कुळकथेपुढे अशी थोडे थांबायला लावते. आपल्याकडे तर पाटील किंवा कुलकर्णी या आडनावांच्या लोकांचे वाय गुणसूत्र तपासून एक मूळपुरुष शोधायला निघणे व्यर्थच, कारण ती आडनावे एका माणसापासून निघालेली नाहीत.

एकाच धाग्यावर विसंबल्यावर काय होते, याचे उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. तेथील बेने इस्राईल हे मराठी बोलणारे ज्यू लोक. त्यांची आडनावे गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्यांतील अनेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राईलला गेली, तरी आडनावांत कोकणातील गावे राहिली. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने फर्मान काढले, की यांच्या लग्नाच्या वेळी पूर्वजांची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. ज्यू धर्मात वंश आईकडून धरतात. म्हणजे प्रश्न आई, आजी, पणजी यांचा होता, आणि आडनाव तर बापाच्या बाजूचे गाव सांगत होते! लोकांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली आणि १९६४ मध्ये त्या फर्मानातील जाचक भाग मागे घ्यावा लागला. पूर्वज सिद्ध करा, असे माणसाला सांगणे किती जड जाऊ शकते, हे यातून कळते. नोंदीच न ठेवलेल्या बाजूचा पुरावा मागितला तर ते अधिकच जड.

आपल्या कपाटात काय आहे?

महाराष्ट्रातील शाळांच्या रजिस्टरांतील सर्वांत प्रसिद्ध नोंद साताऱ्याची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात अनुक्रमांक १९१४ समोर भिवा रामजी आंबेडकर असे लिहिले आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सकपाळांच्या मुलाच्या नावापुढे आंबेडकर हे आडनाव कसे आले, याच्या निरनिराळ्या हकिकती सांगतात. नोंद मात्र एकच आहे आणि ती जपली गेली म्हणून आपण ती पाहू शकतो. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. लिहिणाऱ्या हाताला त्या दिवशी, आपण इतिहास लिहीत आहोत, याची कल्पनाही नसेल.

दर जूनमध्ये आपणही तेच करतो. प्रवेशाच्या गर्दीत वडील सांगतील तसे आडनाव आपण लिहून घेतो. आठवत नसेल तर जन्मतारीख १ जून टाकतो. 'जाधव' की 'जाधवर', हे पुन्हा विचारायला वेळ नसतो. मुलाने शाळा सोडली की ती नोंद सहजी बदलता येत नाही. त्याच्या नातवंडांच्या हाती कदाचित तेवढा एकच कागद असेल. म्हणून आमची शिक्षकांना काही सांगणी आहेत.

नाव लिहिताना आईवडिलांपुढे एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे तर अवश्य. आईचे नाव टाळू नये. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा नियम झाला आहे. वंशावळीची हरवलेली बाजू निदान इथून पुढे तरी कागदावर येईल.

जुनी रजिस्टरे जमिनीपासून वर, कोरड्या जागी, भिंतीला न टेकवता ठेवावीत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. जुने पान गरम लॅमिनेशनमध्येही घालू नये. प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र काढून दोन निराळ्या ठिकाणी ठेवावे. डब्लिनचा धडा हाच आहे. मात्र या नोंदींत लोकांची जात आणि जन्मतारीख असते. ती छायाचित्रे गावभर फिरता कामा नयेत. रजिस्टर उर्दूत किंवा मोडीत असेल, तर ते वाचू शकणारे वृद्ध गावात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावांची देवनागरी यादी करून घ्यावी. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

वर्गात वंशशोध शिकवताना एक सावधगिरी हवी. आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे, असे मुलांनाही कळते. म्हणून मुलांची आडनावे फळ्यावर मांडून त्यांची चिकित्सा करू नये. त्याऐवजी घरी जाऊन एवढेच विचारायला सांगावे की आईचे माहेर कोणते, दोन्ही आज्यांची माहेरे कोणती, आणि आठ पणजी-पणजोबांपैकी किती जणांची नावे घरात कोणाला सांगता येतात. ज्याला सांगायचे नसेल त्याला आग्रह नको. मग तालुक्याच्या नकाशावर त्या गावांपासून शाळेपर्यंत रेघा ओढाव्यात.

आमच्या मित्रांनी देवगाव फाट्याजवळच्या त्यांच्या वर्गात हे करून पाहिले. आठांपैकी चार नावे सांगणारी मुले मोजकीच निघाली आणि त्यांत पणज्या फार थोड्या. पण नकाशावर सेलू, जिंतूर, मंठा, परतूर, पाथरी अशा चहूकडून रेघा आल्या आणि फाट्यावर मिळाल्या. एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आपले मूळ गाव नेमके कोणते?" मित्रांनी त्याला सगळ्या रेघा मोजायला सांगितल्या. त्या दिवसानंतर त्यांनी शाळेचे जुने रजिस्टर कपाटाच्या तळातून काढले, झटकून पुसून नव्या कापडात बांधले आणि वरच्या कप्प्यात ठेवले.